मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण व प्रवेश

मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण व प्रवेश : पहिली पदवी मिळताच, मध्ये खंड पडू न देता, मानसशास्त्राच्या एम्. ए. किंवा पीएच्. डी. अभ्यासक्रमासाठी अर्ज करणे व मर्यादित जागांसाठी होणाऱ्या निवडीस सामोरे जाणे, ही आज सर्वपरिचित गोष्ट आहे. या प्रथेस भारतात जेमतेम एका शतकाचा इतिहास आहे आणि त्यातील स्पर्धेचा भाग तर फारच अलीकडचा आहे. प्रारंभी या विषयाला विद्यार्थी मिळणे अवघड होते. पुढे जागा मिळणे अवघड झाले. हा बदल कसा घडला आणि त्यात महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्यातील, पदवीधर कोठे उभा राहिला, याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

व्हिल्हेल्म व्हुंट याने १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपसिक येथे प्रायोगिक मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली. तेथे जगभरातून येणारे तरुण थेट डॉक्टरेटसाठीच येत. निवड म्हणजे आचार्याची संमती; तीपलीकडे परीक्षा नव्हती. ग्रॅनव्हिल स्टॅन्ली हॉल याने १८८३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रयोगशाळा काढली आणि हीच रीत अमेरिकेत रुजली. आजही अमेरिकेतील विद्यार्थी पदवीनंतर एम्. ए. न करता थेट पीएच्. डी.साठी अर्ज करतो, त्याचे मूळ या जर्मन परंपरेत आहे. पहिल्या महायुद्धात (१९१७) अमेरिकी सैन्यभरतीसाठी तयार झालेल्या सामूहिक बुद्धिकसोट्या, १९२६ मध्ये कार्ल ब्रिगमच्या मार्गदर्शनाखाली घेतली गेलेली महाविद्यालयीन प्रवेशकसोटी आणि १९३६ मध्ये चार विद्यापीठांत प्रयोगादाखल सुरू झालेली ‘जी. आर. ई.’ परीक्षा, ही एकाच वंशातील अपत्ये होत. इतर शास्त्रांच्या विद्यार्थ्यांस प्रवेशपरीक्षा बाहेरून लादलेली वाटू शकते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास मात्र आपल्याच शास्त्राने घडविलेल्या साधनाने मोजून घ्यावे लागते.

भारतात या विषयाचे अध्यापन पदवीपासून सुरू होऊन वर चढले नाही; ते वरूनच सुरू झाले. कलकत्ता विद्यापीठासाठी ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९०५ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आखला आणि १९१६ मध्ये तेथे स्वतंत्र विभाग निघाला. हार्व्हर्ड येथे ह्यूगो म्युन्स्टरबेर्कच्या हाताखाली शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त हे त्याचे पहिले प्रमुख. विभाग पदव्युत्तर पातळीचा होता, पण पदवी पातळीवर हा विषय स्वतंत्रपणे शिकविला जात नव्हता. त्यामुळे येणारा विद्यार्थी तत्त्वज्ञानाचा, शरीरक्रियाविज्ञानाचा किंवा वैद्यकाचा असे. गिरींद्रशेखर बोस हे व्यवसायाने डॉक्टर. त्यांनी येथूनच मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली, १९२१ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली. आज ज्यास ‘विषयांतर करून आलेला उमेदवार’ म्हणतात, तसेच पहिल्या पिढीतील बहुतेक होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. म्हैसूर विद्यापीठात १९२४ मध्ये, लंडनला स्पिअरमनकडे शिकून आलेल्या एम्. व्ही. गोपालस्वामी यांच्या नेतृत्वाखाली दुसरा महत्त्वाचा विभाग उभा राहिला.

मुंबई इलाख्यात मानसशास्त्र दीर्घकाळ तत्त्वज्ञानाच्या घरात आश्रितासारखे राहिले. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र आणि त्यांच्या जोडीला थोडे मानसशास्त्र, अशी बी. ए.च्या वर्गातील विभागणी असे. विषयाची व्यावहारिक बाजू मुंबईत विद्यापीठाबाहेर आधी दिसू लागली. सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय १९३६ मध्ये निघाले (पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि त्याने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले व पुढील वर्षीच तेथे प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला. त्याची घडी प्रा. कोठुरकर यांनी बसविली. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग १९५९ चा. या दोन विभागांच्या नावांतच त्यांचे स्वभाव दिसतात : पुण्याचा कल स्मृती, अध्ययन, संवेदन या प्रयोगशाळेतील प्रश्नांकडे, तर मुंबईचा कारखाने, निवडकसोट्या व समुपदेशन यांकडे. पुण्यात १९६२ मध्ये वि. वि. (आप्पासाहेब) पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. बुद्धिमान मुलांची मानसशास्त्रीय कसोट्यांद्वारे निवड हा त्या संस्थेच्या कार्याचा पाया होता आणि कसोट्या मराठीत घडविण्याचे मोठे काम तिच्याकडून झाले.

या सर्व घडामोडींच्या काळात मराठवाडा निराळ्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत तो हैदराबाद संस्थानचा भाग होता. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते आणि त्याचा परीघ हैदराबादकडे केंद्रित होता. बीड जिल्ह्यातील मराठी मुलास मॅट्रिकनंतर एकतर हैदराबादेस उर्दूतून किंवा पुण्या-मुंबईस इंग्रजीतून शिकणे भाग पडे. बहुतेकांस दोन्ही शक्य नसे. औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये काढलेले महाविद्यालय (पुढे मिलिंद महाविद्यालय) हा या कोंडीतील पहिला मोठा मार्ग. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू सु. रा. डोंगरकेरी होते. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले. बीड जिल्हा मात्र औरंगाबादच्याच (आताचे छत्रपती संभाजीनगर) कक्षेत राहिला.

नव्या विद्यापीठाबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये निघाली. बीड, अंबाजोगाई, गेवराई या ठिकाणी कला शाखेचे वर्ग भरू लागले. मानसशास्त्र हा या शाखेतील ऐच्छिक विषय मराठवाड्यातील पुष्कळ महाविद्यालयांत स्थिरावला. त्यामागील कारणे शैक्षणिक तशीच व्यावहारिकही होती. या विषयास पदार्थविज्ञानासारखी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. काही कसोट्या, स्मृतिढोल, आरसारेखन यंत्र व विरामघड्याळ यांवर बी. ए.चे प्रात्यक्षिक भागते. शिवाय विषय मराठीतून शिकविता येतो. भाषा संचालनालयाने मानसशास्त्राचा परिभाषाकोश सिद्ध केला, विद्यापीठीय ग्रंथनिर्मितीच्या योजनेतून पाठ्यपुस्तके आली आणि ‘प्रबलन’, ‘अभिसंधान’, ‘प्रत्यावाहन’ हे शब्द खेड्यातील विद्यार्थ्याच्या तोंडी सहज बसले. हे यश मोठे आहे. पुढे हाच विद्यार्थी अखिल भारतीय परीक्षेस बसला तेव्हा ही परिभाषा त्याच्या कामी आली नाही, हा त्या यशाचा उत्तरार्ध.

तलवाडा (ता. गेवराई, जि. बीड) हे त्वरितादेवीच्या देवस्थानामुळे परिचित असलेले गाव उदाहरणादाखल घेता येईल. येथील मुलामुलींस पदवीसाठी गेवराई वा बीड गाठावे लागते. विद्यापीठाचे केंद्र छत्रपती संभाजीनगर येथे, गेवराईपासून सुमारे ९० ते १०० किमी. अंतरावर आहे. बीड शहरास रेल्वे मिळाली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. तोवर एस. टी. हेच प्रवेशपरीक्षेच्या केंद्रापर्यंत जाण्याचे मुख्य साधन होते. अशा गावातील पदवीधर थेट अर्ज करतो की एखादे वर्ष थांबतो, हा प्रश्न महानगरातील पदवीधराच्या प्रश्नाहून वेगळा आहे. महानगरात थांबणे म्हणजे रुग्णालयात वा समुपदेशन केंद्रात विनावेतन अनुभव घेणे, प्राध्यापकाच्या संशोधनप्रकल्पात मदत करणे, शिकवणीवर्ग लावणे. तलवाड्यात थांबणे म्हणजे बहुधा शेतीकाम, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास किंवा मुलीच्या बाबतीत विवाहाची बोलणी. एकदा तुटलेला शिक्षणाचा धागा तेथे क्वचितच पुन्हा जुळतो. म्हणून खेड्यातील विद्यार्थ्यास ‘थोडा अनुभव घेऊन मग अर्ज करा’ हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला सरसकट लागू करता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एम्. ए.च्या प्रवेशास फार काळ स्पर्धेचे स्वरूप नव्हते. बी. ए.ला द्वितीय श्रेणी असली आणि अर्ज मुदतीत पोहोचला, की नाव लागत असे. मराठवाड्यातील महाविद्यालयांना जोडलेल्या पदव्युत्तर केंद्रांत आजही पुष्कळदा असेच घडते. खरी चुरस निर्माण झाली ती वेगळ्या दारापाशी. अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था बंगलोर येथे १९५४ मध्ये सुरू झाली आणि लगेच तेथे मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका निघाली. रांची येथील केंद्रीय मनश्चिकित्सा संस्थेत असा अभ्यासक्रम १९६२ मध्ये आला. बंगलोरची संस्था १९७४ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था (निम्हान्स) झाली व १९७८ मध्ये पदविकेचे रूपांतर एम्. फिल्. पदवीत झाले. दोन वर्षांचे पूर्णवेळ प्रशिक्षण, रुग्णविभागातील प्रत्यक्ष काम, रुग्णवृत्तांताची वही व प्रबंधिका असे तिचे स्वरूप. प्रत्येक प्रशिक्षणार्थीवर देखरेख करणारा अध्यापक लागत असल्याने जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच ठेवाव्या लागत.

या पदवीस कायद्याचे वजन पुढे मिळाले. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ मध्ये संमत झाला. त्यानुसार चिकित्सामानसशास्त्रज्ञ हा नोंदणी आवश्यक असलेला व्यावसायिक ठरला व त्यासाठी परिषदेची मान्यता असलेली एम्. फिल्. ही प्रमुख अर्हता झाली. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ यातील व्याख्येनेही तीच अर्हता अधोरेखित केली. परिणाम असा झाला, की मानसशास्त्रात एम्. ए. केलेला पदवीधर शिक्षक, समुपदेशक वा संशोधक होऊ शकतो, पण चिकित्सामानसशास्त्रज्ञ म्हणून रुग्णालयात बसू शकत नाही. भारतात पदवी ते व्यवसाय हा मार्ग अशा रीतीने तीन टप्प्यांचा झाला आणि अरुंद दार शेवटच्या टप्प्यावर आले. बी. ए. व एम्. ए. यांवर पाच वर्षे घातल्यानंतर ते दार दिसते, हे या रचनेचे सर्वांत कठोर अंग होय. महाराष्ट्रात ही पदवी देणाऱ्या संस्था थोड्या आहेत. त्यांपैकी पुण्यातील महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था ही शासकीय आहे. खासगी संस्थांचे शुल्क शेतकरी कुटुंबाच्या आटोक्याबाहेरचे असते. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. त्यामुळे या विभागात केवळ रुग्णांचीच नव्हे, तर रुग्णांच्या सहवासात शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचीही गैरसोय झाली.

एम्. ए.च्या पातळीवर स्पर्धा वाढली ती प्रामुख्याने १९९० नंतर. शाळांतील समुपदेशकांची मागणी, उद्योगांतील मनुष्यबळ विभाग, वृत्तपत्रांतील मानसिक आरोग्यविषयक लेखन या सर्वांमुळे हा विषय शहरी मध्यमवर्गात प्रतिष्ठित झाला. दिल्ली विद्यापीठ, टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुणे व मुंबई विद्यापीठांचे विभाग यांच्याकडे येणारे अर्ज जागांच्या अनेक पट झाले आणि पदवीच्या गुणांऐवजी प्रवेशपरीक्षेचा आधार घेतला जाऊ लागला. बदलाचे समर्थन करणे सोपे होते. निरनिराळ्या विद्यापीठांच्या गुणांची तुलना होऊ शकत नाही : एका विद्यापीठाचे साठ टक्के दुसऱ्याच्या पंचाहत्तर टक्क्यांइतके असू शकतात. समान परीक्षा हा त्यावर न्याय्य उपाय वाटला. २०२२ मध्ये राष्ट्रीय परीक्षा संस्थेने पदव्युत्तर प्रवेशासाठी सामाईक विद्यापीठ प्रवेश परीक्षा (सीयूईटी) सुरू केली. २०२३ पासून दिल्ली विद्यापीठ व टाटा संस्था यांनी तिचा स्वीकार केला.

या परीक्षेची पारख मानसशास्त्राच्याच निकषांनी केली पाहिजे. कसोटीस दोन गुण हवेत : विश्वसनीयता, म्हणजे पुनःपुन्हा मोजले असता तोच निष्कर्ष येणे; आणि यथार्थता, म्हणजे जे मोजावयाचे तेच मोजले जाणे. बहुपर्यायी प्रश्नांच्या मोठ्या परीक्षेची विश्वसनीयता चांगली असते. यथार्थतेचा प्रश्न अवघड आहे. उत्तम समुपदेशक होण्यास लागणारी श्रवणशक्ती, संयम, दुसऱ्याच्या बोलीतून त्याचे दुःख ओळखण्याची क्षमता यांपैकी काहीही अशा परीक्षेत येत नाही. तिचा पुरावा गोळा करण्यातही अडचण असते. फक्त निवडलेल्यांचेच पुढील यश पाहता येते; नाकारलेल्यांचे काय झाले असते, हे कळण्यास मार्ग नसतो. निवडलेल्यांच्या गुणांचा पल्ला आखूड असल्याने परीक्षा व पुढील यश यांचा सहसंबंध प्रत्यक्षाहून कमी दिसतो, हेही खरे. म्हणजे आकडेवारीचा आधार परीक्षेच्या बाजूनेही पुरेसा देता येत नाही आणि विरोधातही देता येत नाही. तथापि एक गोष्ट आकड्यांवाचूनही स्पष्ट आहे. या परीक्षेची मानसशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते, मराठीत नसते. मराठीतून ‘अभिसंधान’ शिकलेल्या विद्यार्थ्याची परीक्षा त्या संकल्पनेच्या आकलनाची होते की ‘कंडिशनिंग’ या शब्दाच्या ओळखीची, हा यथार्थतेचाच प्रश्न आहे. महाराष्ट्र राज्याची अध्यापक पात्रता परीक्षा (सेट) काही विषयांत मराठी प्रश्नपत्रिका देते. तेव्हा ही अडचण अपरिहार्य आहे असे म्हणता येत नाही.

वेळापत्रकाचाही विचार करावा लागतो. सामाईक परीक्षेचे अर्ज साधारणपणे डिसेंबर ते फेब्रुवारीत भरले जातात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो मजूर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे अर्जाचे शुल्क, उत्पन्नाचा दाखला, जातीचे व नॉन-क्रीमी लेअरचे प्रमाणपत्र यांची निकड असते नेमकी त्याच महिन्यांत कुटुंबाचा कर्ता घरी नसतो. केंद्रीय विद्यापीठास चालणारे इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात व केंद्राच्या यादीप्रमाणे लागते. राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र घेऊन गेलेला विद्यार्थी प्रवेशाच्या दिवशी खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. या गोष्टींचा मानसशास्त्राशी काही संबंध नाही, हे खरे. पण जागा अनेकदा त्यांवरच ठरते. तिसऱ्या वर्षाचा निकाल लांबल्यास तात्पुरता प्रवेश धोक्यात येतो, हा आणखी एक नित्याचा अनुभव.

मुलाखत आणि शिफारसपत्र या निवडीच्या जुन्या साधनांतही असाच दुजाभाव अनवधानाने शिरतो. शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गात शिकविणारा अध्यापक प्रत्येकाविषयी विशेष लिहू शकत नाही. त्याची पत्रे एकसारखी होतात आणि निवडसमितीस ती निरुपयोगी वाटतात. लहान वर्गातील विद्यार्थ्याने केलेला प्रकल्प, वाचलेले निबंध, विचारलेले प्रश्न यांचा पत्रात उल्लेख असतो. पत्र वाचणाऱ्याला फरक विद्यार्थ्यांत दिसतो. वस्तुतः तो वर्गांत असतो. उद्देशपत्राच्या बाबतीत मात्र ग्रामीण उमेदवाराची बाजू दुबळी नाही. दुष्काळ, स्थलांतर, कर्जबाजारीपणा, शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांची पुस्तकी नव्हे तर जवळून ओळख असलेला विद्यार्थी, ती ओळख संशोधनाच्या प्रश्नात मांडू शकला, तर त्याचे उद्देशपत्र वजनदार ठरते. अडचण ही, की अशी मांडणी कशी करावी हे पदवीच्या अभ्यासक्रमात शिकविले जात नाही. तेथे अजूनही व्याख्या व भेद यांवरच भर आहे.

नोकरी वा शेती सांभाळून शिकणाऱ्यांस दूरशिक्षणाचा आधार होता. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची (स्था. १९८५) मानसशास्त्रातील एम्. ए. लोकप्रिय होती, गाव न सोडता, विवाहानंतरही, ती करता येत असे. आरोग्यक्षेत्रातील व्यवसायांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला व त्यात मानसशास्त्राचा समावेश झाला. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने नव्याने देण्यास त्या शैक्षणिक वर्षापासून मनाई केली. माणसांशी प्रत्यक्ष काम करावयाच्या विषयाचे प्रशिक्षण प्रत्यक्षच असावे, हा त्यामागील विचार चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र जेथे प्रत्यक्ष प्रशिक्षणाची सोय नाही तेथे अप्रत्यक्षही बंद झाले, ही त्याची दुसरी बाजू होय.

परदेशी अभ्यासक्रमांचा उल्लेख येथे थोडक्यात पुरेसा आहे. अमेरिकेत चिकित्सामानसशास्त्राच्या प्रशिक्षणाची रूपरेषा १९४९ च्या बोल्डर परिषदेत ठरली : चिकित्सक हा संशोधकही असला पाहिजे. त्यामुळे तेथील विद्यापीठे अर्जदारात आधी संशोधनाची तयारी शोधतात, विद्यावेतनासह मोजकेच विद्यार्थी घेतात आणि पदवीनंतर थेट येण्यास हरकत घेत नाहीत. जी. आर. ई.ची अट २०२० नंतर तेथील पुष्कळ विभागांनी शिथिल केली. ब्रिटनमध्ये उलट आहे. चिकित्सामानसशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी पदवीनंतरचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव जवळजवळ अनिवार्य ठरतो. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा व केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचा (१९५४-५५ पासून) आधार आहे. पण या वाटेने जाण्यासाठी लागणारी माहिती जिल्ह्याच्या ठिकाणीही सहज मिळत नाही.

प्रवेशाच्या या तपशिलात इतके शिरण्याचे कारण त्यावर रुग्णसेवा अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक पाहणीत भारतात दर लाख लोकसंख्येमागे मानसशास्त्रज्ञांचे प्रमाण ०·०७ नोंदले आहे. बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५,८५,०४९ होती. या प्रमाणाने जिल्ह्याच्या वाट्यास दोनहून कमी मानसशास्त्रज्ञ येतात. प्रत्यक्षात असे तज्ञ शहरांत एकवटलेले असतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण विकारागणिक ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान आढळले. सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हते. परंतु मराठवाड्याचे चित्र याहून उजळ असेल असे मानण्यास आधार नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात (१९९६) प्रत्येक जिल्हापथकासाठी चिकित्सामानसशास्त्रज्ञाचे पद आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. पदे निर्माण होतात. ती भरण्यासाठी अर्हताधारक हवा आणि तो त्या भागात राहण्यास तयार हवा. गेवराई तालुक्यातील बाई ज्या शब्दांत ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं बधिर झालंय’ असे सांगते, ते शब्द ज्याच्या घरातले आहेत असा तज्ञ तेथे राहण्याची शक्यता अधिक. तो मात्र प्रवेशाच्या तीन टप्प्यांपैकी कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर गळालेला असतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० या धोरणाने ही सर्व रचना हलविली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी एम्. फिल्. पदवी बंद केली. परंतु चिकित्सामानसशास्त्र व मनोविकारविषयक समाजकार्य या दोन विषयांत तिची गरज लक्षात घेऊन जानेवारी २०२४ मध्ये २०२५-२६ या वर्षापर्यंतच्या प्रवेशास मुभा दिली. याच विनियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळविणाऱ्यास एम्. ए. न करता पीएच्. डी.साठी अर्ज करता येतो. २०२४ पासून असा विद्यार्थी राष्ट्रीय पात्रता परीक्षेसही (नेट) बसू शकतो. १८७९ च्या लाइपसिकमधील थेट प्रवेशाची रीत अशी फिरून भारतात आली, असे म्हणता येईल. चार वर्षांच्या पदवीनंतर एम्. ए. एका वर्षाचे होते. प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास पहिल्या पदवीचा विषय कोणताही असला तरी पदव्युत्तर विषय बदलता येतो, हेही २०२४ च्या आराखड्याने मान्य केले. त्यामुळे मानसशास्त्राच्या जागांसाठी अभियांत्रिकी वा वाणिज्य शाखेचे पदवीधरही स्पर्धेत उतरू शकतात.

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नवा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून लागू झाला. त्या वर्षी गेवराई वा बीड येथे प्रथम वर्षास आलेल्या विद्यार्थ्यांची तीन वर्षे २०२७ मध्ये व चार वर्षे २०२८ मध्ये पूर्ण होतात. चौथे वर्ष संशोधनासह करावयाचे तर आधीच्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण आणि महाविद्यालयाच्या विभागात पीएच्. डी.चे मार्गदर्शन करू शकणारे किमान दोन कायम अध्यापक असावे लागतात. एका-दोन अध्यापकांवर चालणाऱ्या तालुक्याच्या ठिकाणच्या मानसशास्त्र विभागास ही अट पुरी करणे कठीण आहे. तेथील विद्यार्थ्यास चौथ्या वर्षासाठी दुसऱ्या महाविद्यालयात जावे लागेल किंवा तीन वर्षांच्या पदवीनंतर पूर्वीप्रमाणे दोन वर्षांच्या एम्. ए.साठी अर्ज करावा लागेल.